एकदा ८१, एकदा ६०: सिडनी स्वान्स ग्रँड फायनलमध्येच इतक्या मोठ्या फरकाने का हरतात?

वनाजकर, ५ ऑक्टोबर २०२४

मागच्या शनिवारी, २८ सप्टेंबर रोजी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्यात, म्हणजे ग्रँड फायनलमध्ये, ब्रिस्बेन लायन्सने सिडनी स्वान्सचा १२० विरुद्ध ६० असा पराभव केला. वर्षातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने आपल्या बरोबर दुप्पट गुण करावेत, ही गोष्ट आम्हा स्वान्सच्या चाहत्यांना आठवडा उलटला तरी पचलेली नाही. दोन वर्षांपूर्वी, २४ सप्टेंबर २०२२ रोजी, याच मैदानावर जिलाँगने १३३ विरुद्ध ५२ अशी, म्हणजे ८१ गुणांनी, आपली वाताहत केली होती. त्याआधी २०१४ मध्ये हॉथॉर्नने १३७ विरुद्ध ७४ असे हरवले होते. यांपैकी २०१४ आणि २०२४ या दोन्ही वर्षी साखळी सामने संपले तेव्हा स्वान्स गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर होते, आणि यंदा तर तेवीसपैकी सतरा सामने जिंकून हा संघ अंतिम टप्प्यात आला होता.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो, की चार खांबांपैकी मधल्या दोहोंतून लाथेने चेंडू पार केला तर सहा गुण मिळतात आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. म्हणजे ६० गुणांचा फरक हा दहा गोलांचा फरक आहे.

हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जकडून आपण २२ गुणांनी हरलो तेव्हा वाईट वाटले, पण सामना पाहिल्याचे समाधान होते. यंदा मात्र मध्यंतरालाच सगळे संपले होते. आमच्याकडे त्या वेळी सकाळचे साडेअकराही वाजले नव्हते, आणि सिडनीत राहणाऱ्या मुलीला फोन करावा तर जावईबापूंनी दूरचित्रवाणी बंद करून बागेत पाणी घालायला घेतल्याचे कळले.

वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर दिसणारे उत्तर एकच आहे: हा संघ दडपणाखाली कोसळतो. हे उत्तर मला पटत नाही. २०२२ च्या उपांत्य सामन्यात याच संघाने कॉलिंगवूडला ९५ विरुद्ध ९४ असे एका गुणाने हरवले होते, आणि यंदाच्या बाद फेरीचा पहिला सामना ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध मागे पडूनही सहा गुणांनी जिंकला होता. ज्यांचे पाय दडपणाने लटपटतात ते असे सामने जिंकत नाहीत. मग शेवटच्या शनिवारी नेमके काय बिघडते? आणि २०११ पासून प्रशिक्षक असलेल्या जॉन लाँगमायर यांनी आता थांबावे का? सामना पितृपक्षात होता म्हणून हरलो, हे स्पष्टीकरण मला घरातूनच मिळालेले आहे, त्यामुळे ते कृपया पुन्हा देऊ नये.


नारायणपेठी, ५ ऑक्टोबर २०२४

ते स्पष्टीकरण देत नाही, पण निकाली काढतो, कारण पंचांग हाताशी आहे. २०२२ आणि २०२४ चे दोन्ही अंतिम सामने पितृपक्षात झाले हे खरे. परंतु २४ सप्टेंबर २००५ चा सामनाही पितृपक्षातच होता, आणि त्या दिवशी स्वान्सने वेस्ट कोस्टला ५८ विरुद्ध ५४ असे हरवून ७२ वर्षांचा दुष्काळ संपवला होता. २०१४ चा ६३ गुणांचा पराभव भर नवरात्रात झाला. २०१२ चे विजेतेपद मात्र अनंत चतुर्दशीच्या दिवशी मिळाले, आणि सामना आपल्या वेळेनुसार सकाळी दहाला सुरू झाल्यामुळे मंडईतून मानाच्या गणपतींची मिरवणूक निघत असताना मी घरात बसून होतो, ज्याबद्दल मंडळातील लोकांनी मला बराच काळ सुनावले. शिवाय ब्रिस्बेन आणि जिलाँग यांनाही तोच पंधरवडा लागू होता. आता खेळाबद्दल बोलावे.


मूरपार्क ते मुंढवा, ६ ऑक्टोबर २०२४

वनाजकर काका, आपल्या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील. स्वान्स का हरले हा एक आणि इतक्या मोठ्या फरकाने का हरले हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी या खेळाच्या रचनेतच आहे, आणि ते समजले की पहिल्याकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये गोल खाल्लेल्या संघाला चेंडू मिळतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये तसे नाही. प्रत्येक गोलनंतर पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू वर उडवतो (यालाच सेंटर बाउन्स म्हणतात) आणि दोन्ही संघ त्यासाठी पुन्हा शून्यापासून झुंजतात. २०१९ पासून या क्षणी खेळाडूंनी कुठे उभे राहायचे तेही ठरलेले आहे: प्रत्येक संघाचे सहा खेळाडू आक्रमणात, सहा बचावात आणि सहा मध्यभागी, आणि त्या मधल्या सहांपैकी चारच जण मधल्या चौकोनात असू शकतात. त्याआधी घाबरलेला संघ एक-दोन खेळाडू मागे ओढून बचावाची भिंत उभारू शकत असे. आता सेंटर बाउन्सच्या वेळी ते करता येत नाही. म्हणजे ज्या संघाचे चार मध्यरक्षक चेंडू काढून देत आहेत, तो गोल करतो, चेंडू पुन्हा मध्यभागी येतो, तेच चौघे तो पुन्हा काढतात आणि समोर पुन्हा विरळ बचाव असतो. कबड्डीत एकदा लोण चढला की पाठोपाठ दुसरा चढायला वेळ लागत नाही, तसा हा प्रकार आहे, फक्त येथे मधे उसंतही मिळत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपले नाहीच. २०२१ चा अंतिम सामना कोविडमुळे पर्थमध्ये झाला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये वेस्टर्न बुलडॉग्ज मेलबर्नपेक्षा १९ गुणांनी पुढे होते. तेथून पुढे मेलबर्नने १०० गुण केले आणि बुलडॉग्जने ७. अंतिम फरक ७४ गुणांचा झाला. मेलबर्नच्या क्लेटन ऑलिव्हर, ख्रिश्चन पेट्राका आणि मॅक्स गॉन या तिघांनी मधला चौकोन ताब्यात घेतला आणि तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस तर एका सेंटर बाउन्समधून गोल, लगेच दुसऱ्यातून गोल, असे इतक्या वेगाने घडले की बुलडॉग्जच्या प्रशिक्षकाला निरोप पाठवण्याइतकाही अवधी मिळाला नसेल. अर्धा तास आधी जिंकत असलेला संघ मनाने दुबळा होता असे त्या दिवशी कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. स्वान्सच्या बाबतीत मात्र तोच निष्कर्ष लगेच काढला जातो.

आता स्वान्सकडे येऊ. २००५ पासूनचे त्यांचे सात अंतिम सामने समोर ठेवून पाहावेत. दोन विजय आहेत, ४ गुणांनी आणि १० गुणांनी. पाच पराभव आहेत: २००६ मध्ये एका गुणाने, २०१४ मध्ये ६३, २०१६ मध्ये २२, २०२२ मध्ये ८१ आणि २०२४ मध्ये ६०. जिंकलेल्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याने ५४ आणि ८१ गुण केले होते. हरलेल्या पाचही सामन्यांत प्रतिस्पर्ध्याने ८५ किंवा त्याहून अधिक केले, आणि त्यांतल्या तिघांनी १२० किंवा त्याहून अधिक. तेव्हाचे प्रशिक्षक पॉल रूस यांनी घडवलेला २००५ चा संघ प्रत्येक चेंडूभोवती माणसांचा गठ्ठा करून सामना इतका आवळून धरत असे की पाहणाऱ्याचाही श्वास कोंडावा. तो खेळ कुरूप असल्याची टीका तेव्हा पुष्कळ झाली, पण तशा सामन्यात कोणीही कोणाला दहा गोलांनी हरवू शकत नाही.

आजचा संघ तसा नाही. आयझॅक हीनी, चॅड वॉर्नर आणि एरल गुल्डन या तिघांच्या वेगावर, त्यांनी मध्यभागातून चेंडू घेऊन मोकळ्या जागेत सुसाट पळण्यावर, तो उभा आहे. हा खेळ चालतो तेव्हा डोळ्यांचे पारणे फिटते. परंतु मध्यभागी चेंडू हरला की हेच खेळाडू चेंडूच्या पुढे गेलेले असतात आणि मागे मैदान रिकामे असते. याची सूचना ऑगस्टमध्येच मिळाली होती, जेव्हा अ‍ॅडलेडमध्ये पोर्ट अ‍ॅडलेडने आपल्याला ११२ गुणांनी हरवले. गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर असलेला संघ एका साधारण साखळी सामन्यात ११२ गुणांनी हरतो, तेव्हा ग्रँड फायनलच्या दडपणाचा त्याच्याशी काय संबंध?

ब्रिस्बेनने नेमके हेच ओळखले. त्यांनी आपल्याशी धावण्याची स्पर्धाच केली नाही. पंधरा मीटरांहून लांब लाथाडलेला चेंडू झेलला की मार्क मिळतो आणि झेलणाऱ्याला शांतपणे पुढची किक घेता येते. ब्रिस्बेन अशा छोट्या, अचूक किका आणि मार्क यांच्या साखळीने चेंडू स्वतःकडे ठेवत राहिले, स्वान्सला त्याच्यामागे पळवत राहिले आणि वाट मोकळी दिसली की मगच पुढे गेले. त्यांच्या काई लोमन आणि कॅलम आ ची यांनी प्रत्येकी चार गोल केले, पण सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक मध्यभागी खेळणाऱ्या विल अ‍ॅशक्रॉफ्टला मिळाले, यावरून सामना कुठे जिंकला गेला ते कळते.


औंधची वाचक, ६ ऑक्टोबर २०२४

वरील विवेचन आवडले, तरी त्यात प्रशिक्षकाच्या निर्णयांना फार सहज सोडून दिले आहे असे वाटते. खेळाची रचना दोन्ही संघांना सारखीच असते. संघनिवड मात्र ज्याची त्याची असते.

२०२२ मध्ये सॅम रीडला उपांत्य सामन्यात जांघेच्या स्नायूची दुखापत झाली होती. तरीही त्याला अंतिम सामन्यात खेळवले गेले आणि सामना संपण्याआधीच त्याला बाहेर काढून बदली खेळाडू आणावा लागला. हा धडा पुरेसा ठरायला हवा होता. दोन वर्षांनी लॉगन मॅकडोनाल्डच्या घोट्याबद्दल शंका असताना त्यालाही खेळवले गेले, आणि त्यालाही मध्येच बाहेर यावे लागले. एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकाच प्रकारच्या सामन्यात, एकाच प्रकारचा जुगार दोनदा खेळला गेला आणि दोन्ही वेळा तो फसला. यंदा कर्णधार कॅलम मिल्स दुखापतीमुळे आधीच बाहेर होता, म्हणजे निदान उरलेल्यांपैकी प्रत्येक जण पूर्ण तंदुरुस्त असणे अधिकच आवश्यक होते.

या खेळात अर्धवट तंदुरुस्त खेळाडू किती महाग पडतो, हे क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. क्रिकेटमध्ये जायबंदी फलंदाज खालच्या क्रमांकावर येऊन उभा राहू शकतो. येथे मैदानावरच्या अठरांपैकी प्रत्येकाला सतत पळावे लागते, आणि समोरच्या संघाला कोण लंगडतो आहे ते पहिल्या काही मिनिटांत कळते. मग आक्रमणातला तो एक जण प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूला मैदानावर इतरत्र मदतीला जाण्याची मोकळीक देतो, आणि तेथून चेंडू उलट दिशेने फिरतो. याला अपवाद आहेत हे मान्य आहे. २०१२ मध्ये अ‍ॅडम गूड्स गुडघ्याची दुखापत घेऊन खेळत राहिला आणि आपण जिंकलो. कदाचित त्या एका आठवणीनेच या क्लबचे निवडीबाबतचे भान सुटले असावे, असे मला अनेकदा वाटते. पण गूड्स सामना सुरू असताना जखमी झाला होता. रीड आणि मॅकडोनाल्ड यांच्याबद्दलची शंका सामन्याआधीच सर्वांना ठाऊक होती.

लाँगमायर यांच्याविषयी माझे मत असे आहे, की पाच अंतिम सामन्यांत संघ नेणारा माणूस सामान्य प्रशिक्षक असू शकत नाही, आणि त्यांतले चार हरणाऱ्याने दुसऱ्याला संधी देण्यात कोणताही अपमान नाही.


बाणेरचा बिहाइंड, ७ ऑक्टोबर २०२४

आपण सर्व जण मैदानाचा मुद्दा का टाळत आहात? स्वान्सचे घरचे मैदान म्हणजे सिडनी क्रिकेट ग्राउंड, जे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या मानाने लहान आहे. यंदाच्या बाद फेरीतले दोन्ही सामने आपण तेथे खेळलो आणि मग थेट एक लाख लोकांसमोर मोठ्या मैदानावर उतरलो. ग्रँड फायनल मेलबर्नमध्येच खेळवण्याचा करार २०५९ पर्यंतचा आहे, म्हणजे आज बालवाडीत असलेली मुले चाळिशीला येईपर्यंत मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्याबाहेरच्या संघांना हा अन्याय सोसायचा आहे. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, दरवर्षी वेगवेगळ्या शहरात होतो, मग हा सामना का नाही? गुणतक्त्यात पहिला आलेल्या संघाला अंतिम सामना घरी मिळाला असता तर २०१४, २०१६ आणि २०२४ या तिन्ही वर्षी तो सिडनीत झाला असता, आणि निकाल निश्चितच वेगळे लागले असते.


मूरपार्क ते मुंढवा, ७ ऑक्टोबर २०२४

करार अन्यायकारक आहे याबद्दल दुमत नाही. परंतु पराभवाचे कारण म्हणून तो टिकत नाही. ब्रिस्बेन कुठला संघ आहे? क्वीन्सलंडचा. गुणतक्त्यात पाचवा आल्यामुळे त्यांना अंतिम फेरीपूर्वी आपल्यापेक्षा एक सामना जास्त खेळावा लागला. दुसऱ्या सामन्यात ते सिडनीत येऊन ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध ४४ गुणांनी मागे पडले आणि तेथून ५ गुणांनी जिंकले; तिसऱ्यात मेलबर्नला जाऊन जिलाँगला १० गुणांनी हरवले. मेलबर्नचे मैदान त्यांना परकेच होते, आणि एका आठवड्याच्या अंतराने त्यांनी तेथे दोन सामने जिंकले. उलट २०२२ मध्ये स्वान्सनेही बाद फेरीचा पहिला सामना याच मैदानावर, गतविजेत्या मेलबर्नविरुद्ध, मेलबर्नच्या प्रेक्षकांसमोर २२ गुणांनी जिंकला होता. त्याच महिन्यात त्याच गवतावर ते जिलाँगपुढे पहिल्या क्वार्टरमध्ये ४१ विरुद्ध ६ असे मागे पडले. मैदान तीन आठवड्यांत मोठे झाले नव्हते.


वनाजकर, ८ ऑक्टोबर २०२४

सर्वांचे आभार. गोलनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी येण्याचा मुद्दा मी इतकी वर्षे पाहत असूनही या अंगाने कधी विचारात घेतला नव्हता, आणि त्यामुळे ४१ विरुद्ध ६ हे आता गूढ वाटत नाही. तरी एक शंका उरते. २०२२ चा जिलाँग हा लीगच्या इतिहासात अंतिम सामना खेळलेला सर्वांत वयस्क संघ म्हणून ओळखला गेला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, आपल्या लान्स फ्रँकलिनने हजारावा गोल केला आणि हजारो प्रेक्षक मैदानात धावून आले त्या सामन्यात, आपण त्यांना हरवले होते. म्हणजे हीच माणसे, हेच डावपेच, आणि मार्चमध्ये उत्तर आपल्याकडे होते. सप्टेंबरपर्यंत ते प्रतिस्पर्ध्याने शोधून काढले आणि आपण नवे शोधले नाही, असाच याचा अर्थ होतो. तेव्हा हा शेवटी प्रशिक्षकाचाच प्रश्न उरतो, आणि औंधच्या ताईंच्या मताकडे मी झुकतो आहे.

आमच्या जावईबापूंचे म्हणणे याहून निराशाजनक आहे. त्यांच्या मते इतका मोठा पराभव झाला की संघ पुन्हा उभा राहत नाही. हे खरे आहे का?


पासष्टीचा प्रेक्षक, ८ ऑक्टोबर २०२४

जावईबापूंना १९८३ ची आठवण करून द्यावी. मी त्या काळी नोकरीनिमित्त मेलबर्नमध्ये होतो. हॉथॉर्नने एसेंडनला १४० विरुद्ध ५७ असे ८३ गुणांनी हरवले, जो तोपर्यंतच्या ग्रँड फायनलमधील सर्वांत मोठा फरक होता. पुढच्या वर्षी तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. तीन क्वार्टर संपले तेव्हा एसेंडन २३ गुणांनी मागे होते, आणि शेवटच्या एका क्वार्टरमध्ये त्यांनी नऊ गोल करून सामना २४ गुणांनी जिंकला. १९८५ मध्ये तिसऱ्यांदा तीच जोडी, आणि या वेळी एसेंडन ७८ गुणांनी विजयी. एसेंडनचे प्रशिक्षक तिन्ही वर्षी केव्हिन शीडीच होते. ८३ गुणांच्या पराभवानंतर त्यांना काढून टाकावे अशी भाषा तेव्हाही ऐकू येत होती.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. २००७ मध्ये जिलाँगने पोर्ट अ‍ॅडलेडला १६३ विरुद्ध ४४ असे ११९ गुणांनी हरवले, हा आजही विक्रम आहे, आणि पुढच्या हंगामात पोर्ट तेराव्या क्रमांकावर घसरले. १९८८ मध्ये हॉथॉर्नकडून ९६ गुणांनी हरलेल्या मेलबर्नला विजेतेपदासाठी २०२१ उजाडावे लागले. पण या दोन प्रकारांत मला एक फरक दिसतो. एसेंडनचा संघ १९८३ मध्ये तरुण होता आणि चढणीवर होता, म्हणून तो पराभव त्यांना शिकवून गेला. पोर्टचा २००४ चा विजेता संघ २००७ पर्यंत बराच बदललेला होता आणि अंतिम फेरी हीच त्यांची कमाल मर्यादा होती. तेव्हा किती गुणांनी हरलो यापेक्षा हरलेल्या संघाचे वय किती आहे ते पाहावे. हीनी, वॉर्नर आणि गुल्डन यांची वये पाहता स्वान्स मला १९८३ च्या एसेंडनच्या जवळचे वाटतात. शीडींना ठेवले म्हणून १९८४ घडले, हेही विसरू नये. लाँगमायर यांना हटवण्याच्या मताशी मी सहमत नाही.


औंधची वाचक, ९ ऑक्टोबर २०२४

आजोबा, उदाहरण उत्तम आहे. पण शीडी यांचा तो पहिला अंतिम सामना होता, लाँगमायर यांचा हा पाचवा. पहिल्या पराभवातून शिकणाऱ्याला आणखी एक वर्ष देणे आणि चौथ्या पराभवानंतर देणे यांत फरक करायला हवा. शिवाय आपला संघ जर १९८३ चा एसेंडन असेल, तर मग २०२२ काय होते? तो शिकवणारा पराभव आधीच होऊन गेला होता.


नारायणपेठी, ३० सप्टेंबर २०२५

वर्षभरात इतके घडले आहे की हा धागा वर काढणे भाग आहे.

लाँगमायर यांनी गेल्या नोव्हेंबरमध्ये स्वतःहून पद सोडले. त्यांच्या जागी त्यांचेच सहायक डीन कॉक्स आले, जे २००५ आणि २००६ या दोन्ही अंतिम सामन्यांत वेस्ट कोस्टकडून आपल्याविरुद्ध खेळले होते. म्हणजे एका गुणाने आपले विजेतेपद हिरावून घेणाऱ्या संघातल्या माणसाच्या हाती आपण घर सोपवले. त्यांच्या पहिल्या हंगामात स्वान्स दहाव्या क्रमांकावर राहिले आणि अंतिम आठांतही आले नाहीत. त्यामुळे प्रशिक्षक बदलल्याने ग्रँड फायनलचे दुखणे बरे झाले की नाही, याची परीक्षाच झाली नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. परवाच्या शनिवारी ब्रिस्बेनने पुन्हा विजेतेपद मिळवले, आणि या वेळी त्यांनी जिलाँगला १२२ विरुद्ध ७५ असे ४७ गुणांनी हरवले. नॉर्म स्मिथ पदक सलग दुसऱ्यांदा विल अ‍ॅशक्रॉफ्टलाच मिळाले. जिलाँग व्हिक्टोरियाचा संघ आहे, त्यांना हे मैदान पाठ आहे, आणि २०२२ मध्ये आपल्याला लोळवणारे तेच होते. त्यांचीही ही गत झाली, तेव्हा गेल्या वर्षीचे आपले ६० गुण ही एकट्या स्वान्सची मानसिक व्याधी नसून ब्रिस्बेनच्या मध्यरक्षकांची आणि त्यांचे प्रशिक्षक क्रिस फेगन यांच्या डावपेचांची कर्तबगारी होती, असे मानायला आता बळकट आधार आहे. मूरपार्कवाल्यांचे म्हणणे मला त्या वेळी थोडे पुस्तकी वाटले होते. आज ते तसे वाटत नाही.

आणि हो, या वर्षीचा सामना नवरात्रात होता.


वनाजकर, १९ ऑक्टोबर २०२५

आपला प्रतिसाद उशिरा पाहिला. मधल्या काळात खेळाडूंच्या अदलाबदलीचा हंगाम झाला आणि स्वान्सने कार्लटनकडून चार्ली कर्नोला मिळवले, त्याच्या बदल्यात विल हेवर्ड आणि ऑली फ्लोरेंट यांना सोडून. कर्नो २०२२ आणि २०२३ मध्ये लीगमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता, तेव्हा आनंद व्हायला हवा, आणि जावईबापूंना तो झालाही आहे. मला मात्र २०१४ आठवते. त्या वर्षीही आपण लीगमधला सर्वांत मोठा आक्रमक, लान्स फ्रँकलिन, हॉथॉर्नकडून नऊ वर्षांच्या कराराने आणला होता, गुणतक्त्यात पहिले आलो होतो, आणि मग त्याच हॉथॉर्नने आपल्याला ६३ गुणांनी हरवले, कारण चेंडू मध्यभागातून पुढे पोहोचतच नव्हता. कर्नोपर्यंत तो कोण पोहोचवणार आणि मध्यभागी हरल्यावर मागे कोण धावणार, याबद्दल क्लबने अजून काही केल्याचे दिसत नाही. मूरपार्कवाल्यांनी या अदलाबदलीबद्दल आपले मत जरूर लिहावे, कारण आमच्या घरात सध्या या विषयावर दोन तट पडले आहेत आणि दिवाळीला मुलगी-जावई पुण्यात आलेले आहेत.